उजनी मायनस, आमचं बाथरूम प्लस

मे महिन्यात सोलापुरात सकाळी दोनच चौकश्या होतात. उजनी किती मायनस झाली आणि आपल्याकडं पाणी कधी सुटणार. गेल्या मे महिन्यात आमच्या जिन्यात तिसरी चौकशी सुरू झाली. आज किती थेंब?

मायनसचं गणित बाहेरगावच्या माणसाला पटत नाही. धरणात पाणी असतं, डोळ्यांना दिसतं, तरी ते शून्याच्या खाली असतं. ११७ टीएमसीच्या उजनीत ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे, म्हणजे हिशेबात न धरायचं तळाचं पाणी. पातळी त्याच्या खाली गेली की टक्के उणे मोजायचे. तिथून शंभरेक किलोमीटर पाइपातून आलेलं पाणी आमच्या नळाला चार-पाच दिवसांतून एकदा येतं, तेही त्याला वाटेल तेव्हा. रात्री अडीच वाजता मोटार लावायला उठणारा माणूस सोलापुरात चोर समजला जात नाही, कर्तव्यदक्ष समजला जातो.

अशा गावात मी बाथरूम नवं करायला काढलं.

जुन्या न्हाणीत शहाबादी फरशी होती. काळी पडलेली, कडेला चिरलेली, पण वीस वर्षांत खाली थेंब गेला नव्हता. दिसायला चांगली नाही एवढाच तिचा गुन्हा. बायकोला शॉवर हवा होता. चार दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात शॉवर म्हणजे दागिना, लग्नकार्यापुरता वापरायचा. तरी मी हो म्हणालो, कारण जुळे सोलापुरात आमच्या जिन्यात शॉवर नसलेलं घर आमचं एकट्याचंच उरलं होतं.

कंत्राटदार मोठा गोड माणूस. प्रत्येक प्रश्नाला "करतो की ओ सर" एवढंच उत्तर. फरशी बसवायच्या आदल्या दिवशी मी डोकावलो, तर तळाला करड्या रंगाचं काहीतरी फासलेलं.

"वॉटरप्रूफिंग झालं?"

"झालं की ओ सर. डबल केलंय."

डबल म्हणजे दोन हात असं मी समजलो. पुढं कळलं की हात एकच होता, दोघांनी मिळून मारला होता.

मी कुठंतरी वाचलं होतं की फरशी बसवायच्या आधी न्हाणीत पाणी कोंडून बघायचं असतं. तसं म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी सिद्धेश्वर तलाव उपसायला सांगितलाय. "सर, गावाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही स्लॅबला पाजायलालाव?" मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. एका वाक्यात त्यानं मला गावद्रोही ठरवलं आणि स्वतःचे तीन दिवस वाचवले.

सहा आठवड्यांनी सकाळी सहाला बेल वाजली. दारात खालचे मास्तर. हे शाळेचे मास्तर नव्हेत. एसटीत कंडक्टर होते, प्रवासी मास्तर म्हणायचे, तेच नाव घरापर्यंत आलं. हातात छोटी वही.

"मिनिटाला अकरा," ते म्हणाले.

"काय अकरा?"

"थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवसाला पाऊण लिटर होतं. तुमच्याकडून आमच्याकडं, विनातिकीट."

मी खाली गेलो. त्यांच्या बाथरूमवर माळा आहे आणि माळ्यावर चादरींचा गठ्ठा. सोलापुरात ज्या घरात देण्याघेण्याच्या दहा-बारा चादरी नाहीत ते घर पाहुण्यांना तोंड दाखवू शकत नाही. काकूंनी भाचीच्या लग्नासाठी जमवलेल्या होत्या, प्लॅस्टिकसकट. वरून थेंब प्लॅस्टिकवर पडायचा, घडीत शिरायचा आणि मोराच्या पिसाऱ्यात जिरायचा. तीन चादरी इतकं पाणी प्यायल्या होत्या की उचलायला मास्तरांना आणि मला दोघांना लागावं लागलं. भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे, शोषून घेण्यात कुठं कमी पडत नाही.

कंत्राटदार आला. माळ्याच्या छताला हात लावून म्हणाला, "हे गळालेलं नाही सर. स्लॅबला घाम आलाय. चव्वेचाळीस डिग्री आहे बाहेर."

मास्तरांनी वही उघडली. "रात्री दोनला पण अकराच होते."

मग सिद्धांत बदलला. नवी भिंत सुरुवातीला पाणी पिते, पोट भरलं की आपोआप थांबते. आम्ही आठवडाभर भिंतीचं पोट भरायची वाट पाहिली. थेंब चौदावर गेले. मग त्यानं एक पोरगा पाठवला, त्यानं सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं. थेंब नऊवर आले, चार दिवसांनी सोळा. त्यानंतर कंत्राटदाराचा फोन गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत हरवलेल्या पोरासारखा झाला. आहे इथंच कुठंतरी, पण सापडत नाही.

सल्ल्यांचा मात्र दुष्काळ नव्हता. मेहुण्यानं फवारायचं कसलंसं औषध आणलं, फरशीवर मारलं की कमळाच्या पानासारखं पाणी ओघळतं म्हणे. ओघळलं खरं. थेट दाराकडं.

शेवटी पूर्व भागातले एक म्हातारे गवंडी मिळाले. आपसांत तेलुगू, आमच्याशी सोलापुरी, फरशीशी दोन्ही. आल्या आल्या त्यांनी करणीच्या मुठीनं एकेक फरशी ठोकली. निम्म्या ठिकाणी बद्द आवाज. मग खिशातून काचेची गोटी काढून नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या भोकाच्या, जाळीजवळ ठेवली. गोटीनं क्षणभर विचार केला, गडगडत दाराशी आली, उंबऱ्याला थडकून तिथंच थांबली.

"मालक, तुमचं पाणी बाहेर जायलालंय. जाळीकडं जायला त्याला चढ लागायलालाय."

"पण मामा, फरशी तर चांगल्या कंपनीची आहे."

"फरशी पाणी अडवत नसती. सांध्यातून पाणी जाणारच. फरशी म्हणजे वरचा कोट. रेनकोट त्याच्या आत असतोय. तुमचा रेनकोट आहे की नाही ते फोडल्याशिवाय कळायचं नाही."

फोडलं. त्या आठवड्याबद्दल जास्त लिहीत नाही. धूळ पोह्यांत होती, देवाच्या तसबिरीवर होती आणि अजून माझ्या चष्म्याच्या बिजागरीत आहे.

खाली जे निघालं ते मात्र बघण्यासारखं होतं. रेनकोट होता, पण बिनबाह्यांचा. करडा थर फक्त तळाला, भिंतीवर बोटभरही चढवलेला नाही. भिंत आणि तळ मिळतात तो कोपरा काटकोनात, तिथं केसाएवढी चीर आणि चिरेतून ओल. सगळ्यात वाईट अवस्था ट्रॅपभोवती. थर दिल्यानंतर प्लंबर आला होता, पाइप बसेना म्हणून त्यानं छन्नीनं चांगलं वीतभर उडवलं होतं आणि वरून सिमेंट थापलं होतं. म्हणजे रेनकोटाला जिथून पाणी जायचं नेमकं तिथंच भोक. खालचा कोबा, म्हणजे तळातला विटांच्या तुकड्यांचा थर, दोन महिन्यांचं पाणी पिऊन गच्च झाला होता. मामांनी त्याचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "नीळ्ळु," ते म्हणाले. एवढं तेलुगू मला कळतं. पाणी.

मामांनी पहिला नियम प्लंबरला सांगितला. "तुझी छन्नी आधी, माझा ब्रश नंतर. माझ्यानंतर छन्नी दिसली तर तुला ट्रॅपात घालून वरून कोबा करीन." ट्रॅप आणि पाइप पक्के झाल्यावरच विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा पडला. ढाळ त्यांनी दोरी लावून काढला, फुटाला दीड सूत (आठ सुतांचा एक इंच). कोपऱ्यात सिमेंटचा गोलवा फिरवला. त्याला ते वाटा म्हणतात. थराला काटकोनात वळायला लावलं की तो तडकतो, म्हणून वळण सावकाश द्यायचं. कोपऱ्यांत आणि ट्रॅपच्या गळ्याभोवती जाळीची पट्टी. मग केमिकलचा पहिला हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा. पहिल्यात राहिलेली सुईएवढी भोकं दुसऱ्यात बुजतात. भिंतींवर सगळीकडं फूटभर आणि शॉवरच्या भिंतीला थेट सहा फूट. उन्हाळ्यात भिंत तापलेली असते, कोरडी राहिली तर थरातलंच पाणी ओढून घेते. म्हणून ते पहाटे येऊन आधी भिंत ओली करायचे आणि मग ब्रश धरायचे. बायको त्यांना तेवढ्या पहाटे चहा द्यायची. मला मोटारीच्या रात्रींनासुद्धा कधी मिळाला नव्हता.

या काळात आमच्या आंघोळीचा प्रश्न होता. काकू म्हणाल्या, "आमच्याकडं करा की, त्यात काय." ज्यांच्या चादरी आपण भिजवल्या त्यांच्याकडं टॉवेल खांद्यावर टाकून जाणं सोपं नाही. पण पर्याय नव्हता. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या स्टुलावर बसलो, तांब्या डोक्यावर नेला आणि त्याच्या आधीच टाळूवर एक गार थेंब पडला. पाठोपाठ दुसरा. कोब्यात उरलेलं पाणी अजून निथळत होतं. दोन महिन्यांपूर्वी मीच वर वापरलेलं असणार. बाहेरून मास्तरांचा आवाज आला, "किती आहेत आज?"

मी मोजून सांगितलं. तीन. त्यांनी वहीत लिहिलेलं मला दाराआडून ऐकू आलं.

मग पाणी कोंडून बघायचा दिवस आला, ज्यासाठी मी आधी गावद्रोही ठरलो होतो. मामांनी ट्रॅपला बूच मारलं, उंबऱ्यावर विटांचा बांध घातला आणि म्हणाले, "दोन इंच भरा. तीन दिवस." सात बाय चारची जागा. मास्तरांनी वहीत हिशेब केला, सुमारे एकशे तीस लिटर. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. बायको पिंपाकडं आणि पिंप माझ्याकडं बघत होतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदलं तेव्हा घरातून असा विरोध झाला नसावा.

पहिल्या दिवशी पेन्सिलची खूण जिथल्या तिथं. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या खाली, सूतभर. माझ्या पोटात गोळा आला. मामा शांतपणे कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ती परात बघा." पाणी भरलं तेव्हाच त्यांनी एका परातीत पाणी घेऊन तिलाही खूण केली होती. परातीतलंही सूतभर उतरलं होतं. परात गळत नसते. ती वाफ होती, सोलापूरच्या हवेनं नेलेली. एका परातीनं निकाल देणारा हा माणूस मला चार महिने आधी का भेटला नाही, हे देवच जाणे.

मास्तर रोज सकाळ-संध्याकाळ वर येऊन आकडा सांगायचे. शून्य. शून्य. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही मिटली आणि पेन खिशाला लावलं.

मामा बूच काढायला वाकले तेवढ्यात बायको ओरडली, "थांबा! एकशे तीस लिटर गटारात?" मग ओळ लागली. मी मगनं, मुलगा डबड्यानं, मामा घमेल्यानं, आणि भरलेल्या बादल्या जिन्यात. कुंड्या, पार्किंगची फरशी, दोन स्कूटर, सगळ्यांची सोय होत होती.

दारात मास्तर उभे होते. हातात रिकामी बादली.

"अहो मास्तर, तुम्ही कशाला?"

"इतके दिवस घरपोच मिळायचं," ते म्हणाले, "आता भरून न्यायला वर यावं लागायलालंय."