व्हिनेगर पिऊन छातीतली जळजळ जात नाही

नागपुरातल्या फॅमिली ग्रुपपासून मॉर्निंग वॉकच्या ग्रुपपर्यंत एक लांबलचक मेसेज सारखा फिरतो. त्याचा सार असा: छातीत जळजळ होते ती पोटात अ‍ॅसिड जास्त झाल्याने नव्हे, कमी पडल्याने. म्हणून सकाळी उपाशीपोटी सफरचंदाचं व्हिनेगर नाहीतर लिंबूपाणी घ्या, रात्री थंड दूध प्या, तिखट कायमचं सोडा. गॅसच्या गोळ्या आजच फेका, त्यांनी किडनी जाते आणि कॅन्सर होतो. छातीत दुखलं तर तो गॅसच, खायचा सोडा पिऊन ढेकर काढा.

मी रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत येण्याचा, जुना पेशंट आहे. डॉक्टर नाही, पण या मेसेजमधला एकेक सल्ला कुणी ना कुणी मला प्रेमाने दिलेला आहे.

आधी ‘अ‍ॅसिड कमी पडतं’ हे बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास आला की ते उघडतं आणि पुन्हा मिटतं. रिफ्लक्समध्ये ते नको तेव्हा सैल पडतं. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भागच छातीकडे सरकलेला असतो, त्याला हायेटस हर्निया म्हणतात. जठरात कडक आम्ल असायलाच हवं, उपाशीपोटी त्याचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल कडक). जठराला ते सोसणारं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही. म्हणजे बहुतेकांचं आम्ल प्रमाणातच असतं, फक्त ते भलत्या जागी येतं. ‘जास्त अ‍ॅसिड हे कारण नाही’ एवढं मेसेजवाल्याचं बरोबर आहे. तिथून त्याने थेट ‘कमी’वर उडी मारली, ती कशाच्या जोरावर, हे मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही.

खरंच कमतरतेने जळजळ होत असती, तर आम्ल आणखी कमी करणाऱ्या या गॅसच्या गोळ्यांनी ती वाढायला हवी होती. होतं उलटंच. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या जातीच्या गोळ्या ८ आठवडे नीट घेतल्या की अन्ननलिकेतल्या जखमा बहुतेकांच्या भरून येतात. शंका असेल तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास अन्ननलिकेतला पीएच मोजता येतो. तो ४ च्या खाली किती वेळ राहतो, ते थेट कागदावर येतं.

मग व्हिनेगर. त्याचा पीएच २.५ ते ३ च्या घरात, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. आधीच सोलवटलेल्या नळीवरून हे रोज अनशापोटी ओतायचं! ‘लिंबू पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं’ हे पालुपद सोबत असतंच. लिंबाने फार तर लघवीचा पीएच बदलतो. रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्ये राखतात, तुम्ही लिंबू प्या किंवा पिऊ नका. आणि अन्ननलिकेला जे झोंबायचं ते त्याच्या कितीतरी आधी झोंबून जातं. संत्र्याचंही तसंच. सकाळी रिकाम्या पोटी ग्लासभर रस मला भोवतो, दुपारी जेवणानंतर चार फोडी खाल्ल्या तर काही होत नाही. संत्र्याच्या गावात राहून संत्रं सोडायचं कोणाला जमणार?

थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने जठर पुन्हा आम्ल सोडायला लागतं. झोपताना ग्लासभर पिणं म्हणजे भरल्या पोटाने आडवं होणंच.

तिखटाबद्दल जरा जास्त बोलायला हवं, गाव सावजीचं आहे. मिरचीने पोटातलं अ‍ॅसिड वाढतं असं नाही. दुखऱ्या अन्ननलिकेला ती चुरचुरते, कुणाला फार, कुणाला अजिबात नाही. सावजी मटण खाऊन रात्र जाते त्यात रश्श्यावरच्या तेलाच्या तवंगाचा वाटा मोठा आहे, भरपेट खाण्याचा आहे, आणि साडेदहाला जेवून अकराला अंग टाकण्याचा तर आहेच. तर्री पोहे सकाळी खाल्ले तर पुढे दिवसभर आपण उभे-बसलेले असतो. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की घर थंड होईतो जेवायचीच इच्छा होत नाही, मग उशिरा जेवून लगेच गच्चीवर सपाट गादीवर. यात मिरचीचा काय दोष?

जेवण आणि झोप यांत तीन तास, डाव्या कुशीवर झोपणं, वजन जास्त असेल तर उतरवणं, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १५-२० सेंटीमीटर उचलणं, यांचा उपयोग होतो. नुसत्या उशा रचल्या तर माणूस कमरेत वाकतो आणि पोट उलट दाबलं जातं. आणि एवढ्या मोठ्या पथ्याच्या यादीत खर्र्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, नाव नाही बरं का! नागपुरात हे कसं सुटलं देव जाणे. तंबाखूतलं निकोटिन ते कडं सैल करतं. भाऊ तिखट सोडतात, दूध पितात, आणि खर्र्याची पुडी खिशात तशीच.

गोळ्यांच्या भीतीत थोडं तथ्य आहे. वर्षानुवर्षं, कुणालाही न विचारता घेतल्या तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, क्वचित मूत्रपिंडाला सूजही येते. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे १७,६०० लोकांना पॅन्टोप्राझोल किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी देऊन साधारण तीन वर्षं पाहिलं, तेव्हा ठळक फरक निघाला तो फक्त आतड्यांच्या संसर्गात, आणि तोही थोडाच. कॅन्सरची ओरड बरीचशी रॅनिटिडीनमुळे झाली. तेही आम्ल कमी करणारं, पण वेगळ्या जातीचं औषध, त्यात एनडीएमए नावाची, कॅन्सरचा धोका वाढवू शकणारी अशुद्धी सापडली, आणि २०२२ मध्ये ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं. चालू गोळी एकदम फेकली तर काही आठवडे आम्ल उसळून येतं आणि जळजळ दुप्पट वाटते. सोडायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडा. घ्यायची तर जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, कारण जेवून उठल्यावर घेतली तर तिचा पुरता उपयोग होत नाही. घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, तर गोळ्यांचे प्रयोग थांबवून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

शेवटचा मुद्दा जिवावरचा. सोड्याने आम्ल मरतं, वायू सुटतो, ढेकर येतो. बीपीच्या पेशंटच्या पोटात वरून सोडियम जातं ते वेगळंच. पण ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणून हृदय ठीक आहे, असं ठरत नाही. हार्ट अटॅकची कळ हुबेहूब जळजळीसारखी वाटू शकते, मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर कधी कधी एवढंच जाणवतं. नव्याने आलेलं छातीतलं दडपण, चालताना वाढणारी जळजळ, सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, यांतलं काही असेल तर सोडा ढवळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि आधी ईसीजी काढा. तो नॉर्मल आला तरी पुढचं डॉक्टरांना ठरवू द्या.