टप्प्याटप्प्याने नायट्रस देण्यामागचे कारण
ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे थोड्या सरळ अंतराच्या गाड्यांच्या शर्यतीत, इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी नायट्रस (नायट्रस ऑक्साइड वायू) टप्प्याटप्प्याने सोडतात. त्याचा दुसरा टप्पा केवळ जास्तीच्या ताकदीसाठी असतो, हे याविषयीच्या एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. सगळा वायू गाडी सुटतानाच सोडला, तर चाके जागच्या जागी फिरत राहतात आणि शर्यत तिथेच हातची जाते. म्हणून पहिला टप्पा बेताचा ठेवून, टायरने पकड घेतल्यावर टायमरच्या साहाय्याने दुसऱ्या टप्प्याचे सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या झडपा) उघडले जातात. नायट्रस ऑक्साइड स्वतः पेट घेत नाही. इंजिनातील उष्णतेने त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन मोकळा होतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याबरोबर जादा इंधनही द्यावेच लागते. इग्निशन टायमिंगचा, म्हणजे इंधन पेटवणारी ठिणगी कधी पडते याचा, मात्र लेखात उल्लेखच नाही, याचे आश्चर्य वाटले. दुसरा टप्पा सुरू होताना ठिणगी आणखी काही अंश उशिरा पडली नाही, तर डेटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट) होऊन पिस्टनची कडा वितळू शकते.