किटली आणि खाणीतला गाळ

"खाणीच्या टाकाऊ गाळात वीज सोडून पाणी काढणं म्हणजे किटली लावून तळं आटवणं. त्यापेक्षा दाबाने पिळा. आणि हे जमण्यासारखं असतं तर आधीच कुणी केलं नसतं?" हा मजकूर सध्या बराच फिरतोय. उपमा झकास आहे, पण लागू पडत नाही.

किटली पाणी तापवते. इथे ते फक्त सरकवायचं असतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो आणि त्यांना बिलगलेल्या पाण्यात धन आयन जास्त असतात. काचेच्या पेटीत असा गाळ भरा, दोन टोकांना पत्रे उभे करा, डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) जोडा. धन आयन ऋणाग्राकडे, म्हणजे ऋण टोकाच्या पत्र्याकडे निघतात आणि जाताना पाणीही ओढून नेतात. धनाग्रापाशी, म्हणजे दुसऱ्या पत्र्यापाशी, गाळ हळूहळू आक्रसतो, तडकतो, पत्र्यापासून सुटतो. ऋणाग्रापाशी पाणी साचतं. बुडबुडेही दिसतात, पण म्हणजे सगळ्या पाण्याचा वायू झाला असं नव्हे.

आता बिलाचं. हजार लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 700 युनिट लागतात. सरकवायला किती, हे गाळातल्या क्षारांवर आणि आपल्या घाईवर ठरतं. व्होल्टेज निम्मं केलं तर लिटरमागची वीजही साधारण निम्मी होते, वेळ मात्र दुप्पट. गाळ खारट आणि व्होल्टेज चढं असेल तर किटलीच बरी म्हणायची वेळ येऊ शकते, एवढं मान्य.

दाबाने पिळायचं? भरड गाळ असेल तर जरूर. (निव्वळ वाळू असेल तर तेही नको, पाणी आपसूक झिरपतं.) पण कणांमधल्या फटी दहापट अरुंद झाल्या की दाबाने निघणारं पाणी शंभरपट घटतं. विजेने सरकणाऱ्या पाण्याला फटीच्या रुंदीचं फारसं सोयरसुतक नसतं. कॅनडात अल्बर्टामधल्या तेलवाळूच्या (डांबरासारखं तेल मिसळलेल्या वाळूच्या) खाणींचा बारीक गाळ वर्षानुवर्षं दह्यासारखा राहतो. ही पद्धत आहे ती असल्या गाळासाठी.

"आधीच कुणी केलं नसतं?" केलंय की. विजेने मातीतलं पाणी सरकतं हे रसायनशास्त्रज्ञ रॉइस यांनी मॉस्कोत दाखवलं, त्याचा वृत्तान्त 1809 चा. पुढे 1930 च्या दशकात मातीचे अभियंते लिओ कासाग्रांदे यांनी जर्मनीत ओल्या, घसरणाऱ्या मातीवर ही पद्धत प्रत्यक्ष वापरली.

खरं दुखणं त्या मजकुरात आलेलंच नाही. धनाग्रापाशी आम्ल तयार होतं आणि तिथे पत्र्याऐवजी रोवलेली लोखंडी सळई झिजत जाते. शिवाय सुकलेला गाळ तिच्यापासून सुटला की वीज पुढे जायलाच तयार नसते. पेटीत पत्रा बदलता येतो. कित्येक हेक्टरांच्या तलावात, जिथे गाळावर पाय ठेवता येत नाही, तिथे सळया कोण आणि कशा बदलणार?