"आमच्याकडे तर नीट उघडतंय" या उत्तराबद्दल

ताई, नमस्कार.

आमच्या वेबसाइटवर फराळाची नोंदणी सुरू झाली तेव्हा तुमच्याकडे न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा झाले होते. फोटोंच्या जागी पांढरे चौकोन, पैसे भरायच्या पानावर नुसतं फिरणारं चक्र, आणि पुन्हा आत शिरलात तोवर अनारसे संपलेले. फोन केलात तर आमच्याकडून उत्तर मिळालं, "आमच्याकडे तर नीट उघडतंय." दोन तारे दिलेत, ते रास्तच आहेत. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे उत्तर. ते खरं होतं, पण तुमच्या काहीच कामाचं नव्हतं.

आमची वेबसाइट ज्या मशीनवर ठेवली आहे तो सर्व्हर मुंबईत आहे, त्यामुळे इथे पुण्यात पान झटकन उघडतं. न्यू जर्सी तिथून सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीला किमान सव्वाशे मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून जास्तच. पानाचं पहिलं अक्षर दिसायच्या आधी अशा तीन तरी फेऱ्या होतात. त्यानंतर आमचे फोटो: चकलीचा एकेक फोटो चार एमबीचा, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला. इथे तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि सगळी गर्दी त्या एकाच मशीनवर पडली होती.

आता आम्ही सीडीएन (कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क) घेतलंय. फोटो, फॉन्ट, पानाची मांडणी यांच्या प्रती ठिकठिकाणच्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात आणि तुमच्या फोनला त्या जवळच्या सर्व्हरवरून मिळतात. तुमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानात डबे आधीच येऊन पडले असले, की प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पुण्याहून वेगळं पार्सल काढावं लागत नाही, तसंच हे. मुंबईच्या मशीनकडे आता उरलं फक्त शिल्लक मालाचं आणि पैशांचं काम. फोटोंची गर्दी तिथवर पोचत नाही, म्हणून पैसे भरायचं पानही अडकत नाही. फोटो वेबपी या हलक्या प्रकारात बदलून दीडशे केबीच्या आत आणलेत.

एक चूक इथेही झाली. चिरोट्यांचा दर बदलला, पण सीडीएनवर साठवलेल्या पानावर जुनाच दर राहिला आणि काही जणांना तोच दिसला. त्यांना त्याच दरात डबे दिले. आता दर आणि शिल्लक कुठेच साठवू देत नाही. फोटो बदलला की जुनी प्रत लगेच काढून टाकतो.

ही सोय काही नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या मंडळींनी १९९८ साली अकामाई ही कंपनी काढली ती याच कामासाठी. छोट्या दुकानाला हे परवडणार नाही, असं मी न विचारताच धरून चाललो होतो. काही कंपन्यांची सुरुवातीची योजना तर फुकट असते. परदेशी डबे पाठवायला लागलो त्या पहिल्या दिवाळीलाच हे करायला हवं होतं.

तुमच्या खात्यातून पैसे आमच्याकडे आलेले नाहीत, हे तपासलं. अनारशांसाठी तांदूळ पुन्हा भिजत घातलेत. त्यातला एक डबा तुमच्यासाठी बाजूला ठेवतोय. पत्ता इथे लिहू नका. तुम्ही फोन केलात तो नंबर आमच्याकडे आहे, तुमच्याकडे सकाळ झाली की आम्हीच फोन करतो.