खांबाआडची जागा

तीन मॉनिटर एका ओळीत लावायचे, एवढंच तर होतं. तिन्ही २४ इंची, मिळून ५७६० बाय १०८० पिक्सेल. रेसिंग गेममध्ये शेजारून घासून जाणारी गाडी दिसावी, एवढीच माझी माफक हाव. चित्र पडद्यावर पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला वायरी जोडायची भोकं दोन जातींची: तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय. खोक्यांतून निघाल्या तीन एचडीएमआय वायरी. दुकानदार फोनवर म्हणाला, "डिस्प्लेपोर्टची वायर वेगळी घ्यावी लागते, सर." विकताना कुठे गेला होता हा 'सर'? दोन वायरींसाठी भर पावसात फोंड्याहून पणजी, आणि परत.

ते असो. खरा छळ शेजारच्या काकांनी केला.

काकांनी आयुष्यभर सरकारी पूल आणि गटारं बांधली. निवृत्त झाले, पण हात राहत नाही. दारातूनच विचारलं, "हें कितें रे? टीव्हीचं दुकान घातलंस?" मी काही बोलायच्या आत घरी गेले आणि पाणसळ घेऊन आले. तिन्ही मॉनिटरांच्या डोक्यावर ती ठेवून, एक डोळा मिटून म्हणाले, "टेबल दीड सूत उतरलंय." मग टेबलाच्या पायाखाली गेल्या वर्षीचं पंचांग. ते माझ्या आईचं, त्यामुळे पुढची पंधरा मिनिटं वेगळंच रामायण.

तोवर माझा माउस बिथरलेला. मधल्या पडद्याच्या डाव्या कडेतून बाहेर पडला की थेट उजव्या पडद्याच्या पार पलीकडच्या टोकाला उगवायचा. विंडोजमध्ये मॉनिटरांचा क्रम उलटा लागला होता, बाकी काही नाही.

"चकवा लागलाय उंदराला," काका गंभीरपणे म्हणाले.

क्रम बदलला. गेम सुरू झाला. काकांनी खुर्ची ओढली.

"मधे हे दोन खांब कशाला?"

"मॉनिटरच्या कडा आहेत, काका. रस्ता तुटल्यासारखा दिसू नये म्हणून कडांमागे येणारा भाग कॉम्प्युटर दाखवतच नाही."

"म्हणजे खांबामागचं मुद्दाम लपवतो?"

"हो."

"आणि तू त्याचे पैसे दिलेस?" काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "जत्रेत दशावताराला खांबाआडची जागा फुकट मिळते रे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. गाडीही ऐन वळणावर अडखळायला लागली होती. एका पडद्याला वीस लाख पिक्सेल रंगवणाऱ्या कार्डावर मी बासष्ट लाखांचं ओझं टाकलेलं. सेटिंग उतरवत उतरवत झाडांची पानं गेली, सावल्या गेल्या, शेवटी प्रेक्षक पुठ्ठ्याचे झाले. एवढे पैसे घालून पुठ्ठ्याचे प्रेक्षक! मग लाइट गेली. पावसाळ्यात ती जायचीच, पण तिसऱ्या लॅपला?

पाणसळ अजून माझ्या टेबलावर आहे. "न्यायला येतो" म्हणून काका गेले. रोज येतात. न्यायचं नाव नाही. ठेवून बघतात, मान हलवतात आणि पायाखालच्या पंचांगाची एक घडी वाढवून जातात.