पंधरा ऑगस्ट सोडून उरलेले दिवस

बेळगाव भागातल्या शाळांना जवानांची आठवण ठरावीक दिवशी येते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २६ जुलैचा कारगिल विजय दिन. गावात कुणी रजेवर आलेला असला तर त्याला बोलावतात, हार घालतात, पोरं भाषणं करतात. चांगलंच आहे, चालू राहावं. पण त्याच जवानाचं पोर वर्षभर त्याच शाळेत बसलेलं असतं आणि त्याच्यासाठी शाळा वेगळं काहीच करत नाही. मी फौजीची मुलगी, आणि आता स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते. दोन्ही बाजूंनी बघितलंय, म्हणून लिहितेय.

मिलिटरीवाल्यांची मुलं म्हटलं की लोकांना कॅम्पातली मुलं आठवतात. केंद्रीय विद्यालय, शाळेची बस, दोन-तीन वर्षांनी नवं गाव. तीही आहेतच. पण उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर किंवा खानापूरकडच्या गावांत जाऊन बघा. वडील फील्डला, तिथं कुटुंब नेता येत नाही. पुढं कधी क्वार्टर मिळालं तरी शेत आणि म्हातारी माणसं कुणाच्या जिवावर सोडायची? म्हणून आई आणि पोरं गावातच राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. या गावांतून मिलिटरीत जाणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तरी त्यांच्या पोरांचा विचार शाळेच्या कामात कुठंच नसतो.

१९९९ चा पावसाळा मला अजून लख्ख आठवतो. मी सहावीत. आप्पा काश्मीरात, याच्यापुढं घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. पत्त्यावर नंबर, नाव, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ. हे एपीओ कुठं आलं म्हणून मी शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवून शोधायची. ते गाव नव्हे, फौजी टपालाचा नंबर आहे, हे आप्पांनीच पुढं सांगितलं.

दरवर्षी रोप लावणीला आप्पा रजा टाकायचे. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा असते. आमच्याकडचे फौजी ती जमेल तशी तोडून घेतात, थोडी लावणीला, थोडी सुगीला. गणपतीला मिळाली तर देव पावला. त्या साली कारगिल पेटलं आणि आप्पांची रजा रद्द झाली. चुलत्यांनी चिखल करून दिला, आईनं आणि आजीनं पैऱ्यावर, म्हणजे एकमेकींच्या शेतात कामाची फेड करून, लावणी उरकली. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, डोक्यावर खोळ घ्यायची आणि तरव्यातून उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधावरून पोचवायच्या, हे माझं काम. सकाळी सांगली आकाशवाणी लावायची की नाही, यावरून घरात रोज वाद. आजीला बातम्या हव्या असायच्या, आईला नको.

आणि शाळेत? एक सर रोज हजेरी घेताना सगळ्यांसमोर विचारायचे, "काय गं, आप्पांचं पत्र आलं काय?" अख्खा वर्ग वळून माझ्याकडं बघायचा. सरांच्या मनात माया होती, हे मी आजही मानते. पण पत्र आलेलं नसलं की माझा पुढचा तास वाया जायचा. कन्नडच्या बाई मात्र काहीच विचारायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत स्वतःच्या टेबलावर बसवून मला पत्र लिहू द्यायच्या आणि घरी जाताना ते पेटीत टाकायच्या. सीमाप्रश्नात मी मराठीच्या बाजूची आहे आणि राहणार. त्या बाईंचे उपकारही विसरणार नाही.

आप्पा आले ते सुगीला. आई प्रगतिपुस्तकावर सही करायची नाही, पालकांच्या सहीचे रकाने त्यांच्यासाठी मोकळे ठेवायची. त्यावरून मी शाळेत बोलणीही खाल्लेली. आल्यावर आप्पा कंदिलाजवळ बसले, एकेका विषयाचे मार्क बोट ठेवून वाचले आणि मागच्या सगळ्या चाचण्यांवर एका बैठकीत सह्या केल्या. सगळ्यांखाली तारीख एकच. ते असेपर्यंत मला चार दिवस सुट्टी द्या म्हणून आई शाळेत गेली, तर हजेरी कमी पडेल असं उत्तर मिळालं. मी वर्गात आणि आप्पा शेतात, अशीच ती रजा सरली.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. बाप कित्येक महिन्यांनी घरी आला असेल तर पोराला चार दिवस सोडा. अभ्यास नंतर भरून काढता येतो, मी माझ्या वर्गात तो काढून घेते. पालक-सभेची तारीख एखाद्याच्या रजेसाठी पुढं-मागं करायला काही पैसे पडत नाहीत. सीमेवर काही घडलं तर त्या पोराला वर्गासमोर प्रश्न विचारू नका. बाजूला घ्या, नाहीतर गप्प राहा.

आणखी एक, अगदी कागदाचं काम. जवानाला दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. जानेवारी २०२४ पासून तो मुलामागं महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे झालाय. त्यासाठी मुख्याध्यापकांचा दाखला लागतो, मूल गेलं वर्षभर या शाळेत शिकत होतं एवढाच. आमच्याकडं शाळेचे कागद कन्नडात, आणि दूरच्या युनिटातल्या क्लार्कला ते वाचता येत नाहीत. दाखला परत येतो, आई पुन्हा शेतातलं काम टाकून शाळेच्या पायऱ्या चढते. किती बायकांना असे हेलपाटे घालताना मी बघितलंय! तोच मजकूर खाली इंग्रजीत लिहून सही-शिक्का मारला की काम होतं. आमच्या शाळेत आम्ही तसा नमुनाच करून ठेवलाय. ज्या शिक्षकांना हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवते. आणि आयांनो, दाखला घेताना मुलाचं नाव आणि जन्मतारीख मिलिटरीच्या कागदांत आहे तशीच लिहिलीय का, तेवढं तिथंच उभं राहून तपासून घ्या.