ल ग्राच्या खिडकीतला तो फोटो डागेरचा नाही

19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन आला की तोच मेसेज फिरायला लागतो. वर ठिपक्याठिपक्यांतून दिसणारी छपरं आणि खाली मजकूर: निएप्स आणि डागेर या दोघा फ्रेंच संशोधकांनी 1837 मध्ये डागेरोटाइप या फोटो काढण्याच्या पद्धतीचा शोध लावला, फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्याच्या खिडकीतून आठ तासांत जगातला हा पहिला फोटो काढला, आणि 19 ऑगस्ट 1839 रोजी फ्रेंच सरकारने हा शोध साऱ्या जगाला फुकट देऊन टाकला. यंदा आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकला. तिघांनाही अंगठे मिळाले.

आधी 1837. निसेफोर निएप्स जुलै 1833 मध्येच वारला होता. दोघांचा भागीदारीचा करार झाला डिसेंबर 1829 मध्ये, आणि हा फोटो त्याच्याही दोन-तीन वर्षं आधीचा. म्हणजे फोटो निघाला तेव्हा भागीदारी नव्हती, आणि मेसेजमधला शोध लागला तेव्हा एक भागीदार हयात नव्हता.

वाडा मात्र खरा आहे. बर्गंडीत, शालों-सुर-सोनजवळच्या सँ-लू-द-वारेन गावात निएप्स घराण्याची ही मालमत्ता होती. तिचं नाव ल ग्रा. 1826 किंवा 1827 मध्ये निएप्सने वरच्या मजल्याच्या खिडकीत कॅमेरा ठेवला. समोर कबुतरखाना, कोठाराचं उतरतं छप्पर, एक पेअरचं झाड, धुराडं असलेलं भट्टीघर. मुद्दाम निवडावं असं त्यात काही नाही, खिडकीतून रोज दिसायचं तेवढंच.

पण हे डागेरोटाइप नव्हे, आणि इथे जरा थांबायलाच हवं. डागेरोटाइपला चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा लागतो. त्याला आयोडीनची वाफ देतात, कॅमेऱ्यात ठेवतात आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरतात, तेव्हा चित्र उमटतं. ल ग्राच्या पत्र्यावर यातलं काहीच झालेलं नाही. तो पत्रा प्यूटरचा, म्हणजे ज्याने आपण भांड्यांना कल्हई करतो त्या कथिलाच्या मिश्रधातूचा. आकार साधारण 16 बाय 20 सेंटिमीटर. निएप्सने लॅव्हेंडरच्या तेलात एक नैसर्गिक डांबर विरघळवून त्याचा पातळ थर पत्र्यावर दिला. ऊन लागलं तिथे डांबर कडक झालं. लागलं नाही तिथलं नंतर तेलाने धुऊन निघालं. उरलेलं डांबर म्हणजे उजेड आणि उघडी पडलेली धातू म्हणजे सावली. या पद्धतीला त्याने नाव दिलं हेलिओग्राफी, सूर्यलेखन. चांदी, आयोडीन, पारा, यातलं काही नसताना त्याला डागेरोटाइप म्हणणं म्हणजे ताकाला दही म्हणण्यासारखं आहे.

आठ तासांचा आकडा आला तो चित्रातल्या उन्हावरून. इमारतींच्या दोन्ही बाजू उजळलेल्या दिसतात, तेव्हा सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला सरकेपर्यंत कॅमेरा उघडा असणार, असा हिशोब कुणीतरी मांडला. पण सूर्य एकदाच सरकला हे कशावरून? झाँ-लुई मारिन्ये या फ्रेंच संशोधकाने निएप्सचीच कृती पुन्हा करून पाहिली, तेव्हा अनेक दिवसांचं ऊन लागत असल्याचं त्याला आढळलं.

फुकट वाटलेल्या शोधाचं थोडक्यात सांगतो. फ्रान्सने डागेरला वर्षाला 6000 आणि निएप्सचा मुलगा इझिदोर याला 4000 फ्रँक पेन्शन दिलं, तेव्हा कुठे कृती जाहीर झाली. तिकडे इंग्लंडमध्ये 14 ऑगस्टलाच, म्हणजे पाच दिवस आधी, डागेरच्या वतीने पेटंट घेऊन ठेवलेलं होतं. साऱ्या जगात इंग्लंड धरलेलं नव्हतं.

आता मेसेजवरचं चित्र. मूळ पत्रा समोरून पाहिला तर नुकत्याच कल्हई केलेल्या ताटलीसारखा दिसतो, चित्र काही नाही. तो हातात घेऊन तिरका करावा लागतो; स्टीलच्या ताटावरचे बोटांचे ठसे बघायला ताट उजेडाकडे कलतं करतो ना, तसा. मग छपरं पुसटशी वर येतात. 1827 मध्ये निएप्सने तो इंग्लंडला नेला. कृती सांगायला तो तयार नव्हता म्हणून रॉयल सोसायटीने त्याचं काम स्वीकारलं नाही, आणि पत्रा तिथेच एका स्नेह्याकडे राहिला. पुढे तो विस्मरणात गेला. 1952 मध्ये हेल्मुट गर्न्सहाइम या इतिहासकाराने तो एका ट्रंकेतून शोधून काढला. कोडॅकच्या प्रयोगशाळेने बऱ्याच खटपटीनंतर त्याचा फोटो घेतला, पण गर्न्सहाइमला तो पसंत पडला नाही. त्याने त्या प्रिंटवर जलरंगाने स्वतः हात फिरवला. आपल्या फोनवर येतं ते हे चित्र. ते ठिपके बऱ्याच अंशी त्या रंगकामाचे.

मूळ पत्रा आज टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये, ऑक्सिजन काढून टाकलेल्या पेटीत आहे. पुढच्या ऑगस्टला तेच चित्र टाकायचं असेल तर खाली निएप्सबरोबर गर्न्सहाइमचंही नाव टाका, आणि वर्ष लिहा 1952.